आरोग्य माहिती व्यवस्थापन : मुलाखतीची पूर्वतयारी

रुग्ण बरा होऊन घरी जातो; त्याचा केसपेपर मात्र रुग्णालयातच राहतो. पुढे त्याच कागदावरून विम्याचा दावा मंजूर वा नामंजूर होतो, न्यायालयात साक्ष दिली जाते, आणि जिल्ह्यात कोणत्या आजाराने किती माणसे दगावली याचा हिशेबही मांडला जातो. हा कागद पूर्ण, अचूक व सुरक्षित ठेवणे म्हणजे आरोग्य माहिती व्यवस्थापन होय. संसदेने २०२१ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या अनुसूचीत या व्यवसायाची स्वतंत्र नोंद आहे. दीर्घकाळ 'रेकॉर्ड रूममधील कारकून' एवढीच ओळख असलेल्या या वर्गाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

मुलाखतीच्या तयारीस लागण्यापूर्वी ती कोठे होते, हे उमेदवाराने समजून घ्यावे. केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब' (अराजपत्रित) पदांसाठीची मुलाखत १ जानेवारी २०१६ पासून रद्द करण्यात आली आहे. त्यामुळे या गटांतील केंद्रीय पदांची निवड लेखी परीक्षा व आवश्यक तेथे कौशल्य चाचणी यांवर होते. मुलाखतीचा प्रश्न येतो तो प्रामुख्याने खाजगी व धर्मादाय रुग्णालये, विमा दावे हाताळणाऱ्या टीपीए संस्था, वैद्यकीय कोडिंग करणाऱ्या कंपन्या आणि काही कंत्राटी पदांसाठी. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय किंवा पुदुच्चेरीची जिपमर संस्था येथील वैद्यकीय अभिलेख प्रशिक्षण घेतलेल्या उमेदवारांनाही खाजगी क्षेत्राकडे वळताना मुलाखतीस सामोरे जावे लागते.

व्याख्या थोड्या, केसपेपर अधिक

व्याख्या पाठ करून आलेला उमेदवार पहिली पाच मिनिटे सहज निभावून नेतो. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. त्याच्या दहाव्या आवृत्तीत २२ प्रकरणे आहेत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आणि तिच्यातील आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांसाठीचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत प्रकाशित झाला. एवढे सांगता यावे. परंतु अनुभवी परीक्षक लवकरच एखादा केसपेपर पुढे सरकवतो आणि खरी परीक्षा तेथे सुरू होते.

समजा, केसपेपरवर अखेरचे निदान 'तीव्र मूत्रपिंड निकामी' असे आहे. उमेदवाराने एन १७ हा कोड सांगितला, तर उत्तर चुकले असे म्हणता येणार नाही. पण ते पुरेसेही नाही. पाने मागे उलटल्यास दाखल होतेवेळच्या टिपणात 'शेतात काम करताना पायास दंश, जागेवर सूज, घोणस असल्याचे नातेवाईक सांगतात' अशी ओळ आढळते. घोणसीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणजे मूळ घटना सर्पदंशाची आहे. रुग्ण वाचला असेल, तर मुख्य निदान टी ६३.० म्हणजे सर्पविषाची बाधा आणि त्याच्या जोडीस बाह्य कारण एक्स २०, असे कोडिंग होते. रुग्ण दगावला असेल, तर मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारण म्हणून एक्स २० घेतले जाते. मृत्यू व आजारपण यांचे नियम असे भिन्न असल्याचे उमेदवारास ठाऊक आहे काय, हेच परीक्षकास पाहावयाचे असते.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट २०३० पर्यंत गाठण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. एन १७ एवढाच कोड पडलेला रुग्ण त्या मोजणीत येत नाही. महाराष्ट्रातील शेतकरी अपघात अनुदान योजनेत सर्पदंशाचा समावेश आहे. मागे राहिलेल्या कुटुंबाला कारण सिद्ध करावयाचे झाल्यास रुग्णालयाच्या कागदांचाच मुख्य आधार असतो.

मात्र येथे एक मोह टाळावयास हवा. अखेरच्या निदानात डॉक्टरांनी सर्पदंश लिहिलेला नाही, आणि केसपेपरवर स्वतःच्या अंदाजाने निदान लिहिण्याचा अधिकार अभिलेख कर्मचाऱ्यास नाही. म्हणून योग्य उत्तर असे : संबंधित डॉक्टरांकडे लेखी विचारणा करावी, दाखल होतेवेळच्या टिपणाचा हवाला द्यावा, त्यांनी दुरुस्ती करून तारखेसह सही केल्यानंतरच कोड निश्चित करावा. 'डॉक्टर रागावले तर?' असा उपप्रश्न हमखास येतो. त्यावर नम्र पण ठाम राहणारा उमेदवार परीक्षकाच्या मनात भरतो.

मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्राबाबतही हीच कसोटी लागते. रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ वापरतात. त्याच्या पहिल्या भागात वरच्या ओळीत तात्कालिक कारण आणि खालच्या ओळींत त्यामागील कारणे क्रमाने येतात. मूळ कारण सर्वांत खाली. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढीच नोंद असल्यास ती कारण नसून मृत्यूची रीत होय, आणि प्रमाणपत्र विचारणेसह परत जावयास हवे. विषमज्वराने आतड्यास छिद्र पडून उदरपोकळीत जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाच्या तीन ओळी कोऱ्या कागदावर लिहून पाहणे हा उत्तम सराव आहे.

थोडे गणित

खाटांच्या वापराचे प्रमाण विचारले जातेच. १०० खाटांच्या रुग्णालयात जूनच्या ३० दिवसांत ३,००० खाट-दिवस उपलब्ध होतात. रोज मध्यरात्री घेतलेल्या गणतीनुसार रुग्ण-दिवस ३,१५० भरले, तर प्रमाण १०५ टक्के येते. त्या महिन्यात घरी गेलेल्या व मृत झालेल्या ६३० रुग्णांचे एकूण वास्तव्यही तेवढेच असल्यास सरासरी मुक्काम ५ दिवसांचा. पण शंभरापेक्षा अधिक टक्के आले, याचा अर्थ काय? गणित चुकले असे घाईने म्हणू नये. जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण ठेवले असतील, किंवा नवजात अर्भके रुग्णांत मोजली जाऊन त्यांचे पाळणे खाटांत धरले नसतील. आकड्यामागील वॉर्ड ज्याला दिसतो, त्याची येथे निवड होते.

कागद कोणाला द्यावा?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने वा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. परीक्षक 'अधिकृत' या शब्दावर अडवतो. नात्याने जवळचा असलेला माणूस आपोआप अधिकृत ठरत नाही. रुग्णाचे संमतीपत्र पाहावे लागते. एचआयव्हीविषयक नोंदींना तर २०१७ च्या अधिनियमाचे स्वतंत्र संरक्षण आहे, आणि वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. पोलिसांनी मूळ केसपेपर मागितल्यास लेखी मागणी घेणे, वरिष्ठांना कळविणे, प्रत राखणे व पोच घेणे हा क्रम तोंडपाठ असावा.

संगणकीकरणाविषयी जुजबी माहिती पुरते : आयुष्मान भारत डिजिटल अभियानाचा देशव्यापी प्रारंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला, 'आभा' क्रमांक १४ अंकी असतो, आणि इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे.

शेवटी 'आपणास काही विचारावयाचे आहे काय?' असे म्हटले जाते. बहुतेक उमेदवार मान हलवून उठतात. त्याऐवजी येथे दहावी आवृत्ती वापरतात की अकरावी, दररोज किती केसपेपर एका व्यक्तीकडे येतात आणि डॉक्टरांकडे पाठविलेल्या विचारणेचे उत्तर साधारण किती दिवसांत मिळते, हे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून त्या रुग्णालयात काम करावे की नाही, याचा अंदाज उमेदवारासही घेता येतो.