लोकसाहित्याचे क्षेत्रीय संशोधन आणि असंभाव्यता नमुना निवड

जात्यावरील ओव्या गाणाऱ्या स्त्रियांची परिपूर्ण यादी कोठेही उपलब्ध नसते. यादीच्या अभावी प्रत्येक गायिकेला निवडीची ज्ञात संधी देणे अशक्य ठरते. त्यामुळे अभ्यासकाला असंभाव्यता नमुना निवडीचाच आश्रय घ्यावा लागतो. बहुधा एक गायिका दुसरीचे नाव सुचविते, दुसरी तिसरीचे. यालाच स्नोबॉल नमुना म्हणतात. परंतु सुचविलेली स्त्री बव्हंशी त्याच भावकीतील, आळीतील वा जातीतील असते. परिणामी दुसऱ्या वस्तीतील ओवी संग्रहाबाहेर राहते आणि ती तेथे नव्हतीच, असा समज रूढ होतो.

वय, जात, वस्ती यांनुसार संख्या ठरवून देणारा कोटा नमुना हा दोष कमी करतो, नाहीसा करीत नाही. अमेरिकेच्या १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गॅलप यांच्या कोटा नमुन्यावर आधारित चाचणीने ड्यूई यांच्या विजयाचे भाकीत केले. निवडून आले ट्रुमन. कोट्याच्या मर्यादेत व्यक्ती निवडण्याची मुभा मुलाखतकारांना होती, हे या अपयशाचे एक कारण मानले गेले.

म्हणून असे नमुने त्याज्य ठरत नाहीत. ओवीतील आशयसूत्रे व पाठभेद त्यांतून निश्चित शोधता येतात. मात्र माहेरविषयक ओव्यांची टक्केवारी त्या संग्रहापुरतीच खरी असते. समग्र परंपरेला ती लागू करता येत नाही. पहिली गायिका कशी भेटली, कोणी कोणास सुचविले आणि कोणत्या वस्तीत जाणे झाले नाही, याची नोंद प्रबंधात असणे म्हणूनच अगत्याचे आहे.