कुंपणच जेव्हा शेत खातं

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांनी मला विचारलं, "कोणाचा रे तू?" आधी मला गंमत वाटली. मग कळलं, ते खरंच विचारत होते. शेजारचे काका म्हणाले, "साठी बुद्धी नाठी, चालायचंच." डॉक्टरांनी मात्र अल्झायमर सांगितलं. चांदवडला हॉस्टेलवर परतल्यावर मी यावर मिळेल ते वाचून काढलं. मी कॉन्व्हेंटचा, मराठी कच्चं आहे, सांभाळून घ्या.

१९०६ मध्ये आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ऑगस्ट डेटर या मृत रुग्णाचा मेंदू तपासला. पेशींच्या बाहेर गुठळ्या होत्या, आत धाग्यांचा गुंता होता. गुठळ्या अमिलॉइड या प्रथिनाच्या, गुंता टाऊचा. बरीच वर्षं सगळा दोष या दोघांवरच गेला.

पण मेंदूला स्वतःची राखण आहे. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी कचरा खातात, जंतूंशी लढतात. काय खायचं ते त्यांना कळतं कसं? रस्ता रुंद करताना तोडायच्या झाडांवर आधी खूण करतात, मग कुऱ्हाडवाले येतात. तसंच सी१क्यू आणि सी३ ही प्रथिनं खूण करतात आणि मायक्रोग्लिया ती जागा खाऊन टाकतात. लहानपणी हे चांगलंच असतं, कारण मेंदूतल्या जादा जोडण्या अशाच काढल्या जातात. २०१६ मध्ये बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं की अल्झायमरमध्ये गुठळ्या जमण्याआधीच हीच खूण चांगल्या जोडण्यांवर होऊ लागते. सी१क्यू अडवलं तेव्हा जोडण्या वाचल्या.

मग ही राखण बंदच करावी का? तसंही नाही. मायक्रोग्लियावर ट्रेम२ नावाचं प्रथिन असतं, त्यामुळे त्यांना गुठळ्यांचा सुगावा लागतो. २०१३ मध्ये कळलं की त्याच्या जीनमध्ये एक विशिष्ट बिघाड असला तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट होतो. म्हणजे राखण जास्त झाली तरी नुकसान, कमी पडली तरी नुकसान. आपण कंट्रोल सिस्टिममध्ये गेन शिकतो ना, तसंच हे. गेन वाढला की सिस्टिम बिघडते, शून्य केला तर ती कामच करत नाही. नेमका किती ठेवायचा, हेच संशोधक शोधताहेत.

२०२३ च्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि त्याचं सर्वांत मोठं कारण अल्झायमर. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असं कोणीतरी असणार. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' नक्की बघा. त्यात असे आजोबा डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केले आहेत, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत.

आजोबा विसरतात त्यात त्यांचा दोष नाही, वयाचाही नाही. तो आजार आहे. आता फोनवर मी आधीच सांगतो, "आजोबा, मी तुमचा नातू." ते म्हणतात, "हो का? जेवलास का रे?" तेवढं त्यांच्या लक्षात आहे.