प्रोस्टेट वाढली म्हणजे कॅन्सर झाला का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेट वाढली आहे’ एवढे वाचले की घरात काळजी सुरू होते. आज वाढली, उद्या कॅन्सर होणार, असे कोणीतरी बोलतेच. हे खरे नाही. वाढलेल्या प्रोस्टेटचे कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते. पन्नाशीनंतर अनेकांच्या ग्रंथीचा आतला, नळीलगतचा भाग वाढतो आणि नळी दाबली जाते. मग धार बारीक होते, लघवी थांबून थांबून होते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. सार्वजनिक शौचालय लांब, म्हणून वस्तीतले काही बुजुर्ग दिवसभर पाणीच कमी पितात. तसे करू नये. झोपण्याआधी दोन तास कमी प्यावे, एवढे पुरे.

कॅन्सर मात्र बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. तिथून नळी लवकर दाबली जात नाही, म्हणून सुरुवातीला त्रासच जाणवत नाही. त्रास आहे म्हणून कॅन्सर असेलच असे नाही, आणि त्रास नाही म्हणून नसेलच असेही नाही. दोन्ही उतारवयाचे आजार, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. पण शेजारी राहणे म्हणजे एकाने दुसऱ्याला जन्म देणे नव्हे. कारण तपासा, मग माना, ही तथागतांची शिकवण इथेही लागू पडते.

पीएसए ही रक्ततपासणी असते. ग्रंथी वाढली, जंतुसंसर्ग झाला किंवा कॅन्सर असला, तरी तिचा आकडा वाढतो. फिनास्टेराइडची गोळी चालू असेल तर तो साधारण निम्म्यावर येतो, म्हणून गोळीचे डॉक्टरांना सांगावे. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात. आपले बरेच बांधव इथेच लाजून परत फिरतात. काम मिनिटभराचे असते. पक्के निदान बायोप्सीनेच होते. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर पन्नाशीची वाट पाहू नये.

लघवी पूर्ण अडकली तर त्याच दिवशी, त्याच वेळी दवाखाना गाठावा. लघवीतून रक्त किंवा न थांबणारी कंबरदुखी असेल तरी वैदूकडे वेळ घालवू नये. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात ग्रंथीचा आतला भागच खरवडून काढतात. बाहेरचा भाग तसाच राहतो, म्हणून ऑपरेशननंतरही तपासणी चालू ठेवावी लागते.