गुहेतला वारा घरात
इटलीत विचेंझा शहराजवळ कोस्तोत्सा गावी ‘व्हिला एओलिया’ ही सोळाव्या शतकातील वास्तू आहे. भर उन्हाळ्यात तिच्या जमिनीतील दगडी जाळीतून गार वारा वर येतो, आणि पंखा कोठेच नाही! मागील टेकडीतील गुहांत हवेचे तापमान वर्षभर सुमारे १२ अंश सेल्सिअस असते. बाहेरच्या उष्ण हवेपेक्षा तिची घनता जास्त. म्हणून ती भुयारी वाटेने उतरून घरात शिरते. वास्तुकार पाल्लादिओने १५७० च्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे. हिवाळ्यात बाहेर ५ अंश असताना काय होईल, हे तुम्हीच ठरवा. मात्र हा गारवा निरुपद्रवी नव्हे. पदुआजवळच्या एका घरात अशाच वाऱ्यात झोपल्यामुळे गॅलिलिओला जन्माचे दुखणे जडले, असे त्याचा शिष्य विव्हियानी लिहितो.