तज्ज्ञाचं म्हणणं चालावं कसं?

प्रश्न : मी पाटबंधाऱ्यांच्या कामावर अभियंता आहे. बैठकीत नकाशे, आकडे सगळं मांडतो. तरी ‘साहेब, तांत्रिक राहू द्या, काम कधी होणार तेवढं सांगा’ असं म्हणून विषय संपवतात आणि निर्णय भलताच होतो. तज्ज्ञाच्या शब्दाला वजन यायचं कसं?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : तुमच्या हिरण्यकेशीवरचा कोणताही कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बघा. पावसाळ्यात गाळे मोकळे असतात, पूर निघून जातो. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालायचे आणि पाणी पात्रातच अडवायचं. जमीन बुडत नाही, खर्चही धरणाच्या मानाने बेताचा. बदल्यात दरसाल बरगे घालण्या-काढण्याची मजुरी, थोडीफार गळती आणि तारखेची जोखीम पत्करायची. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस कोसळला, तर काठची पिकं पाण्यात. उशीर झाला, तर पाणी कर्नाटकात. काय मिळालं आणि काय सोडलं, हे काठावरच्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं.

बैठकीत आपण नेमकं हेच दाखवत नाही. एकच पर्याय नेतो, तोही ‘हाच बरोबर’ म्हणून. मग समोरच्याच्या हाती होकार किंवा नकार एवढंच उरतं.

विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते, तेव्हाचं खडकवासला धरणाचं उदाहरण घ्या. पुण्याला पाणी जास्त हवं होतं. भिंत उंचवायची म्हणजे खर्च आणि धोका. त्यांनी पाहिलं, की पुरात पाणी सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट चढतं आणि भिंत ते पेलते; पूर ओसरला की तेवढं पाणी निघून जातं. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडमिट करणारी दारं बसवली. साठ्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली आणि भिंतीला हात लावावा लागला नाही. 1903 साली बसलेली ही दारं चालताना दिसली. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही तीच पद्धत गेली. वरिष्ठांची अडचण पैशांची आणि सुरक्षिततेची होती. विश्वेश्वरय्यांचं उत्तर त्याच अडचणीला होतं.

तुम्हीही पुढच्या बैठकीला एका पानावर तीन पर्याय न्या. प्रत्येकापुढे खर्च, मुदत आणि ‘यात काय गमवावं लागेल’ हे साध्या मराठीत लिहा. ‘मार्चअखेर काम हवं असेल तर होईल, पण काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी मारता येणार नाही, गळती लागेल,’ असं सांगितलं की तांत्रिक गोष्ट सगळ्यांची होते. त्यातला कोणता पर्याय तुम्ही निवडाल, तेही कारणासह सांगा. जिथे जीविताला धोका आहे, तो पर्याय मात्र त्या पानावर ठेवूच नका. बैठकीआधी शाखा अभियंता, ठेकेदार आणि पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांशी बोलून घ्या. विरोध चहावर कळलेला बरा. ठरेल ते इतिवृत्तात, पत्करलेल्या जोखमीसकट, नोंदवून घ्या. जोखमीखाली सही करायची म्हटल्यावर माणसं तांत्रिक बाजू आपणहून विचारतात.