दान आणि पात्रविचार

कीर्तन आटोपून आम्ही उपरणे घडी करून ठेवतो न ठेवतो, तोच एक प्रश्न हमखास येतो. "महाराज, दान पात्र पाहूनच द्यावे ना?" विचारणारा बहुधा सज्जन असतो, माळकरी असतो. पण त्याच्या स्वरावरून कळते की त्याला शास्त्र नको आहे, सुटका हवी आहे. दारी आलेल्याला तो 'पुढे जा' म्हणून आलेला असतो, आणि आता त्याला गीतेचे पाठबळ पाहिजे असते.

तर गीताच पाहू. सतराव्या अध्यायातील 20, 21 आणि 22 हे तीन श्लोक दानाचे आहेत. सात्त्विक, राजस, तामस असे दानाचे तीन प्रकार भगवंतांनी तेथे सांगितले. सात्त्विक दानात देश, काल आणि पात्र हे तीन शब्द आहेत, आणि आपले लोक तेवढेच पाठ करितात. पण त्याच श्लोकात आधी काय आहे? 'देणे हे माझे कर्तव्य आहे' एवढ्याच बुद्धीने द्यावे, आणि जो परतफेड करू शकणार नाही त्याला द्यावे. म्हणजे ज्याच्याकडून आपल्याला उद्या काही मिळणार नाही, तो. आता सांगा, दारचा भुकेला या व्याख्येत बसतो, की ज्याच्या मुलीच्या लग्नात आपण भारी आहेर करितो तो व्याही बसतो?

राजस दान म्हणजे काही परत मिळावे म्हणून, पुण्याच्या हिशेबाने, किंवा जिवावर येऊन दिलेले. याचा फार विस्तार नको. वारीच्या वाटेवर एक केळे देताना पाच हात पुढे येतात आणि सहावा फोटो काढतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सप्ताहात ध्वनिक्षेपकावरून देणगीदारांची नावे रकमेसह वाचण्याचे काम आम्हीही केले आहे. नाही म्हणवत नाही.

खरी गोम बाविसाव्या श्लोकात आहे. अपात्राला दिलेले ते तामस, एवढे म्हणून लोक थांबतात. श्लोक तेथे थांबत नाही. सत्कारावाचून आणि अवज्ञेने दिलेले, तेही तामसच, असे पुढे आहे. म्हणजे पात्र अगदी योग्य असो, देश पंढरी असो, काल आषाढी एकादशीचा असो, पण 'घे आणि चालता हो' म्हणून दिले, की ते दान तमोगुणात गेले. तिन्ही श्लोक नीट लावून पाहा. घेणाऱ्याची परीक्षा किती आणि देणाऱ्याची किती? घेणाऱ्याविषयी एक-दोन शब्द आहेत, बाकी सगळी झडती देणाऱ्याची.

मग पात्रविचार अगदीच टाकावा काय? तसे नव्हे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि पंडित याने चतुर्वर्गचिंतामणीत दानखंड रचला. तुलापुरुषादि सोळा महादाने त्यात वर्णिली आहेत. सोने, भूमी, गाई द्यायच्या तर घेणारा कोण, त्याची विद्या काय, आचार काय, हे पाहणे रास्तच आहे. आजही एखाद्या संस्थेला मोठी रक्कम देताना हिशेब विचारावा, पावती घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. पण भाकरीला हा नियम लावू नये. आमचे शास्त्रीबुवा पाठशाळेत म्हणत, "अरे, पात्र म्हणजे भांडे. अन्नाच्या बाबतीत भांडे रिकामे असले की ते पात्र!" आमच्या नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात कावडीतले गंगोदक घातले. त्या गाढवाची पात्रता कोणी विचारली होती?

कोणी म्हणतात, पैसे दिले की दारूत जातात, लहान मुलांना भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या असतात. खोटे नाही. अशा वेळी पैसा देऊ नये. मुलाला बसवून, समोर पोटभर खाऊ घालावे. मात्र दारूचे कारण सांगून भाकरीही न देणे, ही त्या माणसाची नव्हे, आपलीच लबाडी आहे.

आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलेलो आहोत, म्हणून हे बोलतो. सन 1972 च्या दुष्काळात आम्ही अकरा वर्षांचे होतो. गाव सांगोला तालुक्यात. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनवर तांबडा मिलो मिळे, तो पुरत नसे. वडील गळ्यात माळ घातलेले, घरी कधीकाळी दिंडी जेवलेली. ते कोणापुढे हात पसरणे शक्य नव्हते. शेजारी एक आक्का होत्या, त्यांच्या कणगीत थोडा जुना जोंधळा शिल्लक होता. तिन्हीसांजेला त्या सूप भरून आणीत आणि आईला म्हणत, "वैनी, एवढं जुंधळं निवडून द्या. मला सांजचं दिसत न्हाई. निम्मं तुमी ठिवा निवडल्याचं." आई निवडी, आणि सकाळी निम्मे परत नेऊन देई. पुष्कळ वर्षांनी आई आम्हांस म्हणाली, "त्या जोंधळ्यात निवडण्यासारखं काही नसायचंच रे."

पुढे पाठशाळेत तैत्तिरीय उपनिषदाची शिक्षावल्ली चालली होती. गुरुगृहाहून निघालेल्या शिष्याला तेथे सांगितले आहे की श्रद्धेने द्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे, लाजून द्यावे, भिऊन द्यावे, जाणिवेने द्यावे. 'लाजून' म्हणजे काय, हे शास्त्रीबुवांनी पुष्कळ भाष्य सांगून समजाविले. आमच्या डोळ्यांपुढे मात्र आक्कांचे ते सूप होते. लाजायचे ते देणाऱ्याने, घेणाऱ्याने नव्हे.

तुकोबारायांकडे हेच दिसते. 1630 च्या दुष्काळात त्यांच्या घरात अन्नावाचून मृत्यू झाला. पुढे महिपतिबुवा सांगतात त्याप्रमाणे, सावकारीची खते भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत बुडविली. आम्ही निरूपणात याला वैराग्य म्हणतो, आणि ते आहेच. पण कुळांच्या बाजूने पाहा. महाराजांनी त्यांना बोलावून 'जा, तुमचे माफ केले' असे म्हटले असते, तर प्रत्येकाला पायरीशी उभे राहावे लागले असते. कागदच पाण्यात गेला, आता कोणी कोणापुढे वाकायचे?

हे सगळे माहीत असून आमच्या हातून काय घडले, तेही लिहितो. वीसेक वर्षांपूर्वी कार्तिकीला आळंदीत आमचे कीर्तन झाले. विषय दानाचाच होता. बिदागी मिळाली, ती खिशात घालून आम्ही निघालो. घाटाजवळ चाळिशीचा एक गृहस्थ आडवा आला. म्हणाला, "माऊली, खिसा कापला. परभणीला जायचंय, यष्टीपुरते पैसे द्या." आम्ही विचारले, दिंडी कोणती? त्याने सांगितले. फडकरी कोण? तेही सांगितले. मग सोबतचे लोक कुठे गेले, त्यांच्याकडे का मागत नाहीस, असे आम्ही विचारले. त्याने आमच्याकडे क्षणभर पाहिले, हात जोडले, "राहू द्या महाराज," म्हणाला आणि गर्दीत गेला.

तो खरा होता की खोटा, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. थोड्या वेळाने आम्ही त्याला शोधत स्थानकापर्यंत गेलो. तो दिसला नाही. परभणीचे भाडे किती, हे मात्र खिडकीवर विचारले. खिशात त्याच्या कितीतरी पट होते.