जमिनीला हात लावू नका

चि. सायली,


तुझ्या बाबांचा काल फोन आला. पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं तर एक एकर काढावं लागेल, असं दादा म्हणत होता. त्याला सांगितलंय, जमिनीला हात लावू नकोस, आधी सायलीला लिहिते. बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या आत्याचं एवढं ऐका.

प्रवेश कॅप फेरीतूनच घे. मॅनेजमेंट कोट्यातून हवी ती ब्रँच मिळवून देतो म्हणणारे भेटतील, पण त्या वाटेने गेलीस तर फीमाफी हातची जाईल. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॉम्प्युटर हुकून इलेक्ट्रिकल मिळालं तरी बिनधास्त घे. ब्रँचच्या हट्टापायी चार वर्षांची फी अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

ही माफी आपोआप होत नाही. महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज भरावा लागतो. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात व्हॅलिडिटी लागेल. व्हॅलिडिटीचा अर्ज अजून टाकला नसेल तर उद्याच टाक, ती ऐन वेळी मिळत नाही. खात्याचं आधार सीडिंग झालंय का, हे शाखेत जाऊन विचार. केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नसतं, आणि मंजूर झालेली रक्कम तिथेच अडकते. अशी मुलं माझ्या टेबलाशी रडवेली होऊन येतात.

राहण्या-जेवणाचा खर्च मात्र उरतोच. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज कर. ओबीसी मुलांना पुण्यात त्यातून वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजनाही चांगली आहे, पण पहिल्या वर्षी त्यात पडू नकोस. आधी गणिताचे एम-वन, एम-टू हे पेपर निघू देत.

एवढं करूनही कमी पडेल तेवढंच कर्ज काढ. ४ लाखांपर्यंत बँक साधारणपणे तारण मागत नाही. दादा सहकर्जदार म्हणून सही करेल, सातबारा द्यायची गरज नाही. होस्टेल, पुस्तकं, लॅपटॉप त्यात बसतं. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, म्हणून मुलं निर्धास्त असतात. व्याज मात्र पहिल्या उचलीपासूनच चढतं. दरवर्षी १ लाख उचललेस आणि दर १० टक्के धरला, तर सरळव्याजानेच हप्ता सुरू होईपर्यंत १ लाख ४० हजार चढतात. पहिल्या वर्षी ते व्याज महिन्याला साडेआठशेच्या आत असतं. दादाला म्हणावं, जमीन विकण्यापेक्षा दुधाच्या पगारातून तेवढं भर. केंद्राची व्याजमाफीही आहे, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना ती मिळेलच असं नाही, तेव्हा तिच्यावर हिशेब मांडू नका.

कॉलेजचं फी स्ट्रक्चर हाती आलं की मला फोटो पाठव. डेव्हलपमेंट फी माफीत येत नाही, ती किती आहे ते बघून कर्जाचा आकडा ठरवू. आणि तोवर एकराच्या गिऱ्हाइकाला दादाने शब्द देऊ नये.

तुझी,
आत्या